मनालीत चोपलेलं खळं

रत्नागिरीत थंडी पडते. हे वाचून देशावरची मंडळी हसतील, हसू देत. आमच्याकडे जानेवारीत पहाटे अशी थंडी पडते की खोबरेल तेल बाटलीतून बाहेर यायला कुरकुर करतं आणि भाट्याच्या पुलावर फिरायला जाणारे लोक कानटोपीच्या आत आणखी एक कानटोपी घालतात. आमच्या शेजाऱ्यांनी तर एका वर्षी फ्रिजचं दार उघडं टाकून घर उबदार केलं होतं. तेव्हा थंडीचं मला काही सांगू नका, असं मी मनालीला जाईपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

मनालीला जायचं खूळ मात्र माझं नव्हे. ते आईचं.

आई सत्तरीच्या पुढची. दोन्ही गुडघे गेलेले, पण उजवा जरा जास्तच गेलेला. तो वाकताना असा आवाज करायचा की खालच्या आळीतली कुत्री भुंकत. शेवटी तो बदलायचा ठरला. कोल्हापूरहून महिन्यातून एकदाच येणारे मोठे सर्जन होते, त्यांची तारीख मिळाली आणि त्यांनी आईला समोर बसवून समजावलं. ऑपरेशननंतर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर टेकायचंच नाही. खुर्ची, कॉट आणि कमोड, एवढ्या तीनच ठिकाणी यापुढे बसायचं. आईने मान हलवली. रिक्षातून घरी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि आई बोलत नाही म्हणजे भरतीच्या वेळी समुद्राने आवाज बंद करण्यासारखं आहे.

जेवताना टीव्हीवर मनाली दाखवत होते. पांढऱ्या उतारावरून रंगीत कपड्यातली माणसं पायाला पट्ट्या बांधून सुळकन खाली येत होती.

"मला तिथे घसरायचंय," आई म्हणाली.

"आई, गुडघा!" बायकोच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

"गुडघा टाकूनच द्यायचाय ना आता? मग टाकायच्या आधी वापरून घेते. नवीन आल्यावर त्याला जपायचं, जुन्याला कशाला जपू?"

यावर डॉक्टरांकडेही उत्तर नसतं. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलंच नाही.

आता घसरणं हा आईचा प्रांत कसा, ते सांगायला हवं. तिचं माहेर राजापूरच्या आतल्या अंगाला. घरामागे जांभ्या दगडाचा पठारासारखा सडा आणि सड्यावरून थेट पोफळीच्या बागेपर्यंत उतरणारी घसरण. पावसाळा सरला की त्या उतारावरचं गवत वाळून रेशमासारखं गुळगुळीत होतं. पोफळीचं पान गळून पडलं की त्याच्या बुडाशी चामड्यासारखं रुंद आवरण येतं, ती विरी. तिच्यात मुलं बसायची, पुढचा देठ दोन्ही हातांनी धरायची आणि सुटायची. आई त्यात पंचक्रोशीत पहिली. तिच्या हळदीच्या दिवशी हळद लावायला नवरीच सापडेना, ती शेवटच्या फेरीला वर गेली होती, असं मामा सांगतो. मामा माझाच मामा आहे, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. पण लग्नानंतर ती रत्नागिरीत शहरात आली, इथे सगळा सपाट रस्ता, आणि घसरणं संपलं ते संपलंच.

तयारी सुरू झाली. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी स्कीइंगबद्दल सांगायचं आणि मग पंप उघडायचा, असा नियम मी केला. बायकोने घरातलं सगळं लोकरीचं काढलं. त्यात मुलाचं बाळपणीचं टोपडं निघालं, तेही तिने घेतलं. आईने एक गाठोडं बांधलं. त्यात धुऊन वाळवलेल्या विऱ्या होत्या, सुंभाने आवळलेल्या.

"अहो आई, ह्या कशाला?" बायकोने विचारलं.

"गाडीत जेवायला पानं लागतील. खाली टाकून बसायला होतील. काही बांधून न्यायचं झालं तर गुंडाळायला. आमच्या घरातून विरीशिवाय कोणी गाव सोडलेलं नाही गो."

"लोक हसतील."

"हसू देत की. त्यांच्याकडे विऱ्या आहेत का?"

गाडी रत्नागिरीहून वेळेवर सुटली आणि मथुरेच्या आसपास धुक्यात शिरली. धुकं कसलं, पेजच होती ती. मी खिडकीतून हात बाहेर काढला, तो परत आत घेताना दुसऱ्याच कोणाचा तरी आला. गाडी चार पावलं चालायची, श्वास घ्यायची, पुन्हा उभी राहायची. आम्ही विरीच्या तुकड्यांवर घावन खाल्ले, मग चिवडा खाल्ला, मग उरलेल्या चिवड्यातले शेंगदाणे वेगळे खाल्ले. दिल्लीला पोचलो तेव्हा आमची मनालीची बस कधीच निघून गेली होती. दुसरी मिळाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची.

ती बस कुलूच्या अलीकडे थांबली. वर बर्फ पडत होता. मी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याला धीर दिला. आमच्याकडे जुलैत घाटात अख्खा डोंगर रस्त्यावर येऊन बसतो, आम्ही त्याला वळसा घालून पुढे जातो, एकदा तर मी कोसळणाऱ्या दरडीच्या खालून मोटरसायकल काढली आणि वरचा दगड माझ्या डिकीत पडला, तो अजून दुकानाचं दार अडवायला वापरतो, वगैरे. ड्रायव्हरने विडी विझवली आणि म्हणाला, "साहब, आपके यहाँ पहाड़ नीचे आता है. हमारे यहाँ आसमान आता है."

मी जागेवर येऊन बसलो.

चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपमधून आम्ही शेवटी मनालीला पोचलो. जितके दिवस राहायचं होतं त्यातले बहुतेक वाटेतच संपले होते. उरला होता एक पुरता दिवस. परवा सकाळी परतीची बस. ती चुकवून चालणार नव्हतं, कारण कोल्हापूरचे सर्जन काही बर्फासाठी थांबणारे नव्हते.

हॉटेलवाला माझ्याच वयाचा, डोक्याला रंगीत पट्टीची टोपी, हॉटेलमागे त्याचीच सफरचंदाची बाग. मी त्याला आल्या आल्या विचारलं, "स्कीइंग कितने बजे?"

"स्कीइंग तो बंद है जी. सोलंग का रास्ता बंद."

"का? क्यों?"

"बर्फ ज़्यादा गिर गई."

मला हे समजायला सोफ्यावर बसावं लागलं. बर्फ जास्त पडला म्हणून बर्फ बंद. म्हणजे समुद्रात पाणी जास्त झालं म्हणून भाट्याची चौपाटी बंद ठेवण्यासारखं. मी त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. तो दर वेळी चहा मागवायचा. शेवटी माझ्या पोटात रस्ता मोकळा झाला, सोलंगचा झाला नाही.

आईने खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि बाहेर बघत बसली. बाहेर सफरचंदाची झाडं गुडघाभर बर्फात उभी होती, पानं एकही नाही, नुसते वाकडेतिकडे हात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. रस्ता बंदच. मी चौकात दोनदा जाऊन आलो, दोनदा पडून आलो.

बायकोने मला बाजूला घेतलं. "आई अगदी गप्प झाल्यात हो. सकाळी मी चहा दिला, त्याला नावसुद्धा ठेवलं नाही."

हे गंभीर होतं. माझ्या लग्नापासून आईने बायकोच्या चहाला नाव ठेवलं नाही असा दिवस उगवलेला नाही.

"ऑपरेशन एक महिना पुढे ढकलू," मी म्हटलं. "बर्फ कमी झाला की घसरू देत तिला."

"आणि पुढच्या महिन्यात तारीख नाही मिळाली तर? रात्री त्यांच्या पायाला कळ येते ना, त्यांचं कण्हणं मी ऐकते. तुम्ही घोरत असता."

म्हणजे बस पकडायची होती आणि आईला घसरायचंही होतं, आणि मध्ये फक्त ती एक दुपार. खोलीत आलो तर आई गाठोड्याची गाठ सोडत होती.

"मेल्या, हा हॉटेलवाल्याचा मागचा उतार कोणाला विचारून बंद आहे?"

मी खिडकीतून बघितलं. सफरचंदाची बाग हॉटेलच्या मागून वर चढत गेली होती आणि मधोमध झाडं नसलेला एक पट्टा सरळ खालच्या रस्त्यापर्यंत आला होता. तो उतार मी कालपासून बघत होतो. पण मी बाग बघत होतो. आई घसरण बघत होती.

हॉटेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माताजींना जे आवडेल ते, झाडाला धक्का लावू नका. आम्ही दोघांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. विरी टाकली, आईला हळूहळू बसवलं. गुडघ्याने आवाज केला, दरीपलीकडचा कुत्रा भुंकला. आईने देठ धरला, मी मागून लोटलं.

आई खाली गेली. पुढे नव्हे, खाली. ताजा भुसभुशीत बर्फ, त्यात विरीसकट ती कमरेपर्यंत रुतली आणि खुडूक कोंबडीसारखी बसून राहिली. मी आणखी लोटलं, ती आणखी रुतली. दोघांनी मिळून उपसून काढलं तेव्हा तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत पायलीभर बर्फ निघाला.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "चला आता आत."

आईने मूठभर बर्फ उचलला, दाबला, बोटांनी चोळून बघितला. "माती सैल आहे," ती म्हणाली. "खळं करायला हवं."

कोकणात ज्यांच्या घरी भात आहे त्यांना खळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पाऊस गेला की घरापुढचं अंगण उखडलेलं असतं. त्यावर नवी माती टाकायची, पाणी मारायचं आणि लाकडी चोपण्याने चोप चोप चोपायचं. घरातली सगळी माणसं ओळीने बसून चोपत पुढे सरकतात. मग ते रात्रभर तसंच सोडायचं. सकाळपर्यंत पाणी मुरतं, माती आवळते, आणि असं घट्ट अंगण होतं की त्यावर सांडलेला भाताचा दाणा न दाणा उचलून घेता येतो. आईने आयुष्यभर खळी केली होती. माहेरी केली, आणि लग्नानंतर दर वर्षी दिवाळी झाली की खळं करायलाच माहेरी जायची.

हॉटेलवाल्याकडे छपरावरचा बर्फ ओढायच्या लाकडी फावड्या होत्या. त्या घेऊन आम्ही लागलो. आई मागच्या पडवीत खुर्ची टाकून, दोन रजया पांघरून बसली आणि तिथून मुकादमी सुरू झाली.

"डावीकडे खड्डा राहिला! अरे, थापटतोयस काय, चोप! बाळाला झोपवतोयस का? गो, तू बरोबर करतेयस, त्याला दाखव जरा."

हे शेवटचं वाक्य बायकोने मला तीनदा पुन्हा म्हणून दाखवलं. सासूने कौतुक केलेलं तिला तरी कुठे ऐकायला मिळायचं.

मनाली त्या दिवसांत नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांनी भरलेली असते. रस्ता बंद, करायला काही नाही, आणि एकमेकांचे फोटो काढून काढून फोनही दमलेले. हातात लाल चुडा घातलेल्या दोन मुली आधी बघत उभ्या राहिल्या, मग गमबुटांनी बर्फ तुडवायला लागल्या, मग त्यांचे नवरे आले. दिवस मावळेपर्यंत अर्धं हॉटेल आमचं खळं चोपत होतं. मी काय सांगू, पट्टा असा झाला की बघत राहावं.

"आता पाणी मारा," आई म्हणाली.

हॉटेलवाला दचकला. "पानी? माताजी, पानी मत डालो."

"याला सांग रे, पाणी मारल्याशिवाय खळं बसत नाही. सकाळपर्यंत वाळतं ते."

मी सांगितलं. त्याने आईकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गपचूप बादली आणून दिली. आम्ही बादलीवर बादली आणून नीट शिंपडलं, वरपासून खालपर्यंत, कुठे कोरडं राहायला नको म्हणून. मी जन्मभर पाण्याच्या धंद्यात. बायको शाळेत विज्ञान शिकवते. पाणी कोकणात रात्रभरात वाळतं, मनालीत ते वाळत नाही, दुसरंच काहीतरी करतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी बॅगा बांधून मागच्या दारी आलो तर बागेतून आरसा पसरला होता. वरपासून खालपर्यंत चकचकीत काच. एक कावळा त्यावर उतरला, पंख मिटले आणि बसल्या बसल्या रस्त्यापर्यंत गेला. खाली पोचल्यावर तो उडाला नाही, चालत निघून गेला. हॉटेलवाल्याने हात जोडले. "माताजी, नहीं."

"आई, नाही," बायकोही म्हणाली. "हे नाही जमायचं. हाड मोडलं तर ऑपरेशन राहील बाजूला, तुम्ही कायमच्या कॉटवर पडाल."

आईने वाद घातला नाही. वाद घातला असता तर आम्ही जिंकलो असतो. ती नुसती त्या काचेकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "खळं छान झालं गो. आमच्या माहेरीसुद्धा असं कधी झालं नाही."

रस्त्यावर आमच्या बसचा हॉर्न वाजला. सामान चढवत होते.

बायकोने आपली शाल काढली, आईच्या उजव्या गुडघ्याला गच्च बांधली आणि मला म्हणाली, "दोन विऱ्या द्या."

"दोन कशाला?"

"एकीत त्या, एकीत मी. मागून धरते त्यांना. पाय माझे बाहेरून राहतील. त्यांचा गुडघा कुठे आपटता कामा नये, आपटलं तर माझं आपटू दे."

"तुला येतं का?" आईने विचारलं.

"येत नाही. तुम्ही सांगा."

"देठ सोडायचा नाही. आणि ओरडायचं."

आम्ही त्या दोघींना कडेकडेने, झाडांना धरून वर नेलं. आई बसली, तिच्या मागे बायको बसली, दोघींची गाठ बसल्यासारखी झाली. मी लोटायला वाकलो. लोटायची वेळच आली नाही. माझा हात लागायच्या आत त्या गेल्या.

मी बंदरात वाढलो आहे, वादळात सुटलेल्या होड्या बघितल्या आहेत. असा वेग बघितला नाही. आईच्या डोक्यावरचं मुलाचं टोपडं वाऱ्याने उडालं ते वर माझ्या हातात आलं. दोघी ओरडत होत्या. बायकोचं ओरडणं मी ओळखतो, पण दुसरा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो दहा वर्षांच्या मुलीचा होता, आणि त्या उतारावर दहा वर्षांची मुलगी कोणी नव्हती. बाग संपली, कुंपणाची फट आली, तीतून त्या सुईत दोरा जावा तशा गेल्या, आणि रस्त्यावरून ओढून टाकलेल्या बर्फाच्या ढिगात शिरून दिसेनाशा झाल्या. ढिगात एक गोल भोक उरलं.

सगळं शांत. बसचा ड्रायव्हर टपावर बॅग धरून तसाच उभा. मी धावलो, म्हणजे बसूनच गेलो, पायांवर जायची सोयच नव्हती. ढिगापाशी पोचलो तर भोकातून काही ऐकू येईना. मी भोकात तोंड घालून हाक मारली, "आई!"

आतून आईचा आवाज आला, "मेल्या, विरी कुठे गेली बघ आधी!"

विरी रस्त्यापलीकडच्या बियास नदीत गेली होती. आता पंजाबात कुठेतरी कोणीतरी तिच्यावर जेवत असेल.

दोघींना ओढून काढलं. आईने उजवा गुडघा वाकवून बघितला, सरळ केला. आवाज आला, नेहमीचाच. चुडेवाल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. हॉटेलवाल्याने कपाळाचा घाम पुसला, त्या थंडीत. "पुन्हा जाऊ या?" आईने बायकोला विचारलं. बायकोला उभं राहता येत होतं पण सरळ नव्हे.

परतीचा रस्ता मोकळा होता, धुकंही नव्हतं, सगळं वेळेवर. आई खिडकीत बसून वाटभर बोलत होती आणि प्रत्येक स्टेशनवरच्या चहाला नावं ठेवत होती. बायको दिल्लीपासून रत्नागिरीपर्यंत वरच्या बर्थवर पालथी पडून आली.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं सर्जनसमोर गेलो. त्यांनी गुडघा दाबून, हलवून बघितला. सूज नाही, काही नाही.

"छान जपलात. मला कळलं तुम्ही फिरायला गेला होतात म्हणून. म्हटलं, आता काय करून येतायत."

"कसलं काय हो," आई म्हणाली. "बर्फ इतका पडला की सगळं बंद. बसूनच होते मी."

"शहाण्या आहात." मग त्यांचं लक्ष दाराशी टेकून राहिलेल्या बायकोकडे गेलं. "तुम्ही उभ्या का? बसा ना, खुर्ची आहे."

"नको डॉक्टर," बायको म्हणाली. "मी उभीच बरी."

आई खाली बघून पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. तिचे खांदे हलत होते.